कुसळ काढायचं, पण कसं?



आज मी नावं ठेवण्याविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कुणी हसली असेल तर हसू द्या. नावं ठेवल्याशिवाय गिरणीवरचा वेळ जात नाही हे मलाही ठाऊक आहे, आणि मी काही त्यातून सुटलेली बाई नाही. उलट माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगायची म्हणून हा विषय घेतला. मी ख्रिस्ती आहे. दुसऱ्याचा निवाडा करण्याबद्दल येशूनं काय सांगितलं ते लहानपणापासून दर काही रविवारी कानावर पडत आलं. कानावर पडणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं.

आमच्या बचत गटात बारा जणी आहेत. त्यातल्या एकीनं दोन शेळ्या घेते म्हणून गटातून पंधरा हजार रुपये उचलले. तीन हप्ते वेळेवर आले, मग थांबले. विचारलं तर म्हणाली, शेळ्या रोगानं मेल्या. आम्ही हळहळलो, मुदत वाढवून दिली. पुढे कळलं की शेळ्या घेतल्याच नव्हत्या. पैसे घरातल्या दुसऱ्याच कामाला गेले होते. मी गटाची सचिव, म्हणून मला हे सगळ्यांच्या आधी कळलं.

तिचं घर माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. मी तिच्याकडे जायला हवं होतं. पण मी गेले गिरणीवर. दळण होईपर्यंत चौघींना सांगून झालं होतं. "पहिल्यापासून तसलीच आहे ती," हे वाक्य माझं. संध्याकाळपर्यंत ते नळावर पोचलं आणि नळावरून तिच्या आठवीतल्या मुलीच्या कानावर. ती पोर दोन दिवस शाळेत गेली नाही.

हे मी तिला विचारून, तिच्या परवानगीनं सांगते आहे. नाव सांगत नाही. गाव छोटं आहे, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, हेही तिला माहीत आहे.

आता कुणी म्हणेल, तिनं खोटं सांगितलंच होतं की. होय, सांगितलं होतं. अशा विषयावर बोलताना आपण नेहमी ज्या गोष्टी सांगतो त्यात शेवटी कळतं की बाई बिचारी निर्दोष होती, आपलाच गैरसमज झाला. इथे तसं नाही. गैरसमज झाला तर माफी मागून मोकळं होता येतं. पण समोरच्याची चूक खरी असताना आपण काय करायचं, हा अवघड भाग, आणि येशूचं बोलणं नेमकं त्या अवघड भागाबद्दल आहे.

ते बोलणं मत्तयाच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायाच्या सुरुवातीला येतं. डोंगरावर बसून शिष्यांना केलेल्या लांबलचक उपदेशातला तो भाग आहे. ऐकणारे साधे लोक होते, त्यात मासे धरणारेही होते. त्यांना तो सांगतो की दुसऱ्याचे न्यायाधीश होऊन बसू नका. शुभवर्तमान मुळात ग्रीक भाषेत लिहिलेलं आहे. तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ पारख करणं असाही होतो आणि कचेरीत बसून निकाल देणं असाही होतो. इथे कुठला घ्यायचा? त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो की झाड फळावरून ओळखा, मेंढराचं कातडं पांघरून आलेल्या लांडग्यापासून जपा. म्हणजे पारख करायला त्यानं मना केलेलं नाही. उलट डोळे उघडे ठेवा असंच सांगितलं. मना केलं ते निकाल द्यायला. "तिनं खोटं सांगितलं" ही पारख झाली. "ती पहिल्यापासून तसलीच आहे" हा निकाल झाला. पहिलं वाक्य एका दिवसाबद्दल आहे. दुसऱ्यात तिचं मागचं आयुष्य गेलं, पुढचंही गेलं, आणि मुलीचंही थोडं गेलं.

मग तो मापाचं बोलतो. तुम्ही ज्या मापानं घालाल त्याच मापानं तुमच्या पदरात पडेल. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. खळ्यावर धान्य मोजताना कुणाचं माप कसं असतं ते आपण पाहिलेलं आहे. घेताना शीग लावून पायली भरायची आणि देताना वरून हात फिरवून सपाट करायची. लूकच्या शुभवर्तमानात हाच उपदेश आहे, तिथे तर दाबून, हलवून, ओसंडून वाहणाऱ्या मापाचं बोलणं आहे. आता स्वतःकडे बघा. माझा मुलगा नापास झाला तर पेपर अवघड होता. जावेचा झाला तर तिचं लक्ष नाही. माझ्या घरी भांडण झालं तर दिवसच वाईट होता. शेजारणीच्या घरी झालं तर तिची जीभच तशी. आपण दोन पायल्या ठेवलेल्या असतात आणि दोन्ही खऱ्याच आहेत असं आपल्याला प्रामाणिकपणे वाटत असतं.

यानंतर येतं ते कुसळ आणि मुसळ. ही म्हण तर देवळात न जाता, चर्चमध्ये न जाता सगळ्या गावाला पाठ आहे. मराठी बायबलात हेच दोन शब्द आहेत. मूळ ग्रीकमध्ये एकीकडे काडीचा किंवा लाकडाचा बारीक कण आणि दुसरीकडे घराच्या छपराची तुळई आहे. येशू सुताराच्या घरात वाढला, त्यामुळे डोळ्यात उडणारा भुसा आणि खांद्यावरची तुळई दोन्ही त्याच्या रोजच्या बघण्यातलं असणार. डोळ्यात तुळई घेऊन माणूस दुसऱ्याच्या डोळ्यात वाकून बघतो आहे, हे चित्र हसवण्यासाठीच काढलेलं असावं असं मला वाटतं. आपण ते उगाच गंभीर चेहऱ्यानं वाचतो.

पण ती म्हण आपण अर्ध्यावरच सोडतो. आपल्या तोंडी तिचा अर्थ होतो, "तू मला सांगू नको, आधी तुझं बघ." भांडणात वापरायला चांगली. येशूचं बोलणं तिथे संपत नाही. तो म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं काढ, म्हणजे तुला नीट दिसेल आणि भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढता येईल. कुसळ तसंच राहू दे असं तो म्हणालेला नाही. कुसळ काढायचंच आहे. डोळ्यात कुसळ घेऊन कुणाला झोप लागते?

आणि कुसळ कसं काढायचं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे, सांगा. ज्वारीच्या नाहीतर गव्हाच्या मळणीत दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात जातं. आधी हात धुवायचे. तिला उजेडात बसवायचं. चोळू नको म्हणायचं. पापणी उलटायची, ओल्या फडक्याचं टोक हळूच फिरवायचं, नाहीतर स्वच्छ पाण्याचा हबका मारायचा. डोळ्यात खुपसून बसलं असेल तर हात न लावता दवाखान्यात न्यायचं. आणि हे सगळं ती आपल्याला करू देते, कारण आपण तिला दुखवणार नाही असा तिचा भरवसा असतो. ज्या बाईवर भरवसा नाही तिला कुणी डोळ्याला हात लावू देत नाही. चार बायका गोळा करून, लांबून बोट दाखवून "बघा बघा, हिच्या डोळ्यात कुसळ" म्हटल्यानं आजवर एकही कुसळ निघालेलं नाही. गिरणीवर मी तेच केलं होतं.

याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूनं पद्धतसुद्धा सांगितली आहे, अगदी गटाच्या नियमासारखी. कुणी तुझा अपराध केला तर आधी एकटी जा आणि दोघींतच बोल. तिनं ऐकलं तर तुला तुझं माणूस परत मिळालं. नाही ऐकलं तर एक दोन जणींना बरोबर घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांड. आपण करतो ते बरोबर उलटं. आधी गावाला, मग दोघींतिघींना, आणि जिची गोष्ट तिला सगळ्यात शेवटी, तीही दुसऱ्या कुणाच्या तोंडून. त्या अध्यायात पुढे असंही आहे की मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला जकातदारासारखा समज. जकातदार म्हणजे रोमी सरकारसाठी कर उकळणारे, लोक त्यांना दारात उभे करत नसत. पण ज्याच्या नावानं हे शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतःच जकातनाक्यावर बसणारा होता, आणि येशू त्याच्या घरी जेवायला गेला होता. त्यामुळे त्या शेवटच्या पायरीचा अर्थ दार कायमचं बंद, असा घेणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असेल. योहानाच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात आहे. जुन्यातल्या जुन्या काही हस्तलिखितांत ती नाही असं अभ्यासक सांगतात, पण मंडळीनं ती शेकडो वर्षं जिवापाड जपली. व्यभिचारात धरलेल्या एका बाईला शास्त्री आणि परूशी येशूपुढे आणतात. भर मंदिरात, सगळ्या लोकांत उभी करतात. म्हणतात, मोशेच्या नियमाप्रमाणे हिला दगडमार करायला हवा, तू काय म्हणतोस? मला त्या बाईपेक्षा आधी हे दिसतं की तिथे पुरुष नाही. मोशेच्या नियमात शिक्षा दोघांना सांगितलेली आहे. मग धरली तर एकटी कशी सापडली? ही गोष्ट त्या देशातली आणि दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, तरी आपल्याला नवी वाटत नाही.

येशू लगेच बोलत नाही. खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहीत बसतो. काय लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही. मला वाटतं, त्यामुळे एवढं तरी झालं की बाईवर रोखलेल्या सगळ्या नजरा थोडा वेळ धुळीकडे वळल्या. मग तो म्हणतो, ज्यानं कधी पाप केलं नाही त्यानं पहिला दगड उचलावा. आधी म्हातारे निघून जातात, मग बाकीचे. शेवटी ती आणि तो. तेव्हा तो तिला सांगतो की मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, पुन्हा पाप करू नको. ही शेवटची दोन्ही वाक्यं बरोबर धरायची आहेत. काहींना फक्त पहिलं आवडतं, काहींना फक्त दुसरं. आणि क्रम बघा. आधी तिचा जीव वाचवला, आधी दगड खाली ठेवले, मग तिच्याशी एकटीशी बोलला.

याच शुभवर्तमानातली चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई मला जास्त जवळची वाटते, कारण ती पाण्याला आलेली आहे. भर दुपारी, याकोबाच्या विहिरीवर. यहूदी लोक शोमरोन्यांच्या हातचं, त्यांच्या भांड्यातलं पाणी घेत नसत. येशू थकून काठावर बसलेला, तो तिच्याकडे पाणी मागतो. बोलता बोलता निघतं की तिचे पाच नवरे झाले आणि आता ज्याच्याबरोबर आहे तो नवरा नाही. एवढ्यावरून पुष्कळ उपदेशकांनी तिला वाईट चालीची ठरवून टाकलं. मी अशी प्रवचनं बसून ऐकली आहेत. पण तिच्या पाच नवऱ्यांचं काय झालं ते तिथे कुठेच लिहिलेलं नाही. मेले असतील. टाकली असेल. त्या काळी सूटपत्र लिहून देण्याचा हक्क पुरुषाचा होता. येशूनं तिला एकदाही पापी म्हटलं नाही. निवाडा करू नका हे सांगणाऱ्याच्याच गोष्टीत आपण एका बाईचा निवाडा करून बसलो.

या गोष्टीचं एक टोक आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचलं आहे. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या जोगिणींनी, म्हणजे सिस्टर लोकांनी, त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथे नेलं. समाजानं ज्यांना पतित म्हणून टाकलं अशा बायकांसाठी तिथे एक घर चालवत होते. तिथली माया पाहून रमाबाईंनी विचारलं की तुम्ही अशा बायकांना जवळ का करता? तेव्हा एका सिस्टरनं त्यांना या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी हे स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. नंतर दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभारलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली आणि विधवा तिथे आणल्या, आणि ज्यांना कुणीच दारात घेत नव्हतं अशा बायकांसाठी कृपासदन नावाचं वेगळं घर बांधलं. तिथे येणाऱ्या बाईला राहायला जागा होती, हाताला काम होतं.

अर्थात रमाबाईंनाही कुणी सोडलं नाही. धर्म बदलला म्हणून पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. 1893 साली पालकांनी त्यांच्या शारदा सदनातून मुली काढून नेल्या. हे आपण सांगतो. पण ख्रिस्ती लोकांनीही त्यांना नावं ठेवली, ते आम्ही ख्रिस्ती लोक सहसा सांगत नाही. स्वतःच्या बुद्धीनं प्रश्न विचारतात म्हणून इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन यांनी पत्रांतून त्यांना गर्विष्ठ ठरवलं. त्यांच्यावर मनापासून प्रेम करणारी बाई होती ती. मायेच्या माणसालाही निकाल द्यायचा मोह आवरत नाही.

इजिप्तच्या वाळवंटातली एक जुनी गोष्ट आहे, चौथ्या शतकातली. तिथे ख्रिस्ती तपस्वी झोपड्या करून राहत. मोशे नावाचा एक तपस्वी होता, आधी दरोडेखोर असलेला. एका भावाच्या हातून चूक झाली म्हणून बाकीच्यांनी सभा बोलावली. मोशे येईना. निरोप गेला तेव्हा तो निघाला, पण पाठीवर पाण्यानं भरलेलं, गळकं मडकं घेऊन. लोकांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, माझी पापं माझ्या मागे गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी निघालोय दुसऱ्याचा न्याय करायला. सभेनं त्या भावाला काही न बोलता माफ केलं. डोक्यावरची घागर गळत असली तर आपली पाठ भिजते, तरी भोक दिसतं ते मागून येणारीलाच.

आता एक महत्त्वाचं, आणि ते नीट ऐका. निवाडा करू नका, या वचनाचा गैरवापर होतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्याबद्दल बाई बोलायला लागली की घरातली मोठी माणसं, कधी कधी धर्माची माणसंही, सांगतात की तू कोण त्याचा न्याय करणारी, क्षमा कर, सोसून घे. हा त्या वचनाचा अर्थ नाही. मार लागला हे सांगणं म्हणजे साक्ष देणं, निकाल नव्हे. येशूनं दगड थांबवले ते जिच्यावर उगारले होते तिला वाचवायला, मारणाऱ्याला पाठीशी घालायला नव्हे. 2005 सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, 181 हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे, त्यांची मदत घेताना कुणाही ख्रिस्ती बाईनं मनात अपराधी वाटून घेऊ नये. तसंच पैशाचं. गटाचा हिशोब बैठकीत मोठ्यानं वाचायचा म्हणजे वाचायचाच. थकबाकी कुणाची ते वहीत लिहायचं. वही कुणाला नावं ठेवत नाही, ती आकडे ठेवते.

आणखी एक राहिलं. नवीन करारात याकोबाचं पत्र आहे. त्यात तो विचारतो, तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला आणि मळक्या कपड्यातला गरीब आला, तर तुम्ही एकाला चांगल्या जागी बसवता आणि दुसऱ्याला पायाशी, मग तुम्ही वाईट मनाचे न्यायाधीश झालात की नाही? मला आपलं हळदीकुंकू आठवतं. कुणाला खुर्ची, कुणाला सतरंजी, कुणाला बोलावणंच नाही. तिथे तोंडानं कुणी काहीच बोलत नाही. निकाल तर लागलेला असतो.

तर गिरणीनंतरचं सांगते. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. एकटी. आधी मी माझं सांगितलं, की तुझ्याकडे यायच्या आधी मी चारचौघीत बोलले आणि ते चुकलं. ती बराच वेळ चुलीपाशीच बसून राहिली. मला वाटलं होतं की मी माफी मागितली म्हणजे ती रडेल, मग मी रडेन आणि सगळं ठीक होईल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "माझ्या पोरीला काय सांगू ते तुम्हीच सांगा." मला उत्तर आलं नाही. मी तिच्या मुलीशीही बोलले, पण त्या वयाची पोर, ती फक्त मान हलवत होती. आजही मी समोरून आले तर ती रस्ता बदलते. बोललेलं परत घेता येत नाही, हे मला तिच्या पाठीकडे बघून कळतं.

पुढच्या बैठकीत त्या बाईनं स्वतः उठून सांगितलं की शेळ्या घेतल्या नव्हत्या. दोघी जणी म्हणाल्या, हिला गटातून काढा. एक म्हणाली, व्याज दुप्पट लावा. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं: मुद्दल पूर्ण भरायचं, व्याज सगळ्यांना आहे तेच, महिन्याला आठशे रुपये, आणि मुद्दल फिटेपर्यंत नवीन कर्ज नाही. यापुढे कुणीही कर्ज घेऊन वस्तू आणली की दोघींनी जाऊन बघायची, मग ती सचिव का असेना. हे सगळं इतिवृत्तात लिहिलं. ती गिरणीवर काय म्हणाली आणि ही काय म्हणाली, ते लिहिलं नाही.

तिचे अजून पाच हप्ते राहिले आहेत. गेल्या महिन्यात एक दिवस उशीर झाला तेव्हा ती आदल्या दिवशीच सांगून गेली. येत्या बैठकीला चहाची पाळी तिची आहे.